मुरलेली मक्याची व्हिस्की, तीही स्वस्तातली: चाखण्या-पारखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही सगळी उत्तरं मुख्यतः एका बाटलीभोवती फिरतात: मेलो कॉर्न. ही कॉर्न व्हिस्की, म्हणजे मक्याची व्हिस्की. केंटकी राज्यातली, पिवळ्याधमक लेबलची, अमेरिकेत साधारण १५ ते २० डॉलरना मिळणारी. दुकानात ती बहुतेक वेळा खालच्या फळीवर असते आणि वाकल्याशिवाय दिसत नाही. मी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत राहतो, नदी ओलांडली की केंटकी राज्य. घरी येणाऱ्या मित्रांना आणि पुण्या-नाशिकहून येणाऱ्या पाहुण्यांना मी ही आवर्जून चाखायला देतो. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत.

कॉर्न व्हिस्की म्हणजे बर्बनच ना?

नाही. दोघीही मक्याच्या अमेरिकन व्हिस्की, म्हणजे बहिणीच आहेत, पण वाढल्या वेगवेगळ्या घरांत. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बनच्या धान्यात मका किमान ५१ टक्के लागतो, कॉर्न व्हिस्कीत किमान ८० टक्के. पण खरा फरक लाकडाचा आहे. बर्बनला नवंकोरं, आतून जाळून कोळसा केलेलं ओकचं पिंप सक्तीचं आहे. कॉर्न व्हिस्कीला नेमकं तेच वर्ज्य. ती मुरवायची असेल तर एकदा वापरून झालेल्या पिंपात किंवा न जाळलेल्या नव्या पिंपात मुरवावी लागते. म्हणजे ८० टक्के मक्याची तीच दारू जाळलेल्या नव्या पिंपात गेली की बर्बन, आणि जुन्या पिंपात गेली की कॉर्न व्हिस्की.

मुरवलीच पाहिजे असंही बंधन नाही. बरीचशी कॉर्न व्हिस्की पाण्यासारखी पांढरी विकली जाते. लेबलवर ‘स्ट्रेट’ लिहायचं असेल तर मात्र किमान दोन वर्षं लाकडात काढावी लागतात.

मेलो कॉर्न कोण बनवतं?

आता हेवन हिल. केंटकीतल्या बार्ड्सटाउनची ही कंपनी १९३५ सालची. मेलो कॉर्न हे नाव तिचं मूळचं नाही. ते १९४५ मध्ये केंटकीतल्याच ओवेन्सबरोच्या मेडली डिस्टिलरीनं बाजारात आणलं आणि पुढे हेवन हिलकडे आलं. १९९६ च्या नोव्हेंबरात हेवन हिलची बार्ड्सटाउनची डिस्टिलरी मोठ्या आगीत जळाली. १९९९ मध्ये त्यांनी लुइव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी विकत घेतली.

मेलो कॉर्नमधलं धान्याचं प्रमाण ८० टक्के मका, १२ टक्के माल्ट केलेली (मोड आणून वाळवलेली) बार्ली आणि ८ टक्के राय (गव्हासारखं एक धान्य). पिंपं बर्बन काढून घेतलेली. ताकद, म्हणजे अल्कोहोल, ५० टक्के.

रंग एवढा फिका का? पाणी घातलंय का?

पाणी बहुतेक व्हिस्कींत घालतात, हा फिकेपणा त्याच्यामुळे नाही. रंग येतो लाकडातून. जाळलेल्या नव्या पिंपातला बहुतेक रंग, व्हॅनिला, जळक्या साखरेची चव पहिल्या मुक्कामातच बर्बन ओढून घेतो. मागून येणाऱ्या दारूला जे मिळतं ते नारळाच्या दुसऱ्या दुधासारखं असतं. पातळ असतं, पण निरुपयोगी नसतं. सोलकढीत तेही जातंच. मेलो कॉर्नचा रंग वाळल्या गवतासारखा किंवा पातळ मधासारखा दिसतो तो यामुळे.

बर्बनला पिंप एकदाच वापरता येत असल्यानं अमेरिकेत रिकाम्या पिंपांचा ढीग पडतो. ती स्कॉटलंडला जातात, मेक्सिकोत टकीलासाठी जातात, आणि गोव्यात पॉल जॉन सिंगल माल्टही बर्बनच्याच जुन्या पिंपांत मुरते. बंगळुरूच्या अमृतचंही तसंच. मेलो कॉर्नचं जुनं पिंप फक्त घरच्या घरी राहतं, एवढाच फरक.

लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ लिहिलंय. त्याला काही अर्थ आहे, की नुसतीच जाहिरात?

अर्थ आहे, आणि स्वस्त बाटली पारखताना मी सर्वांत आधी हेच शब्द शोधतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली काय वाटेल ते विकलं जात होतं. साध्या स्पिरिटला तंबाखू, सुक्या आलुबुखाराचा रस, अगदी आयोडीनसुद्धा घालून रंग आणि चव आणत. कर्नल ई. एच. टेलर यांच्यासारख्या केंटकीच्या डिस्टिलरांना आपला माल या भेसळीपासून वेगळा दाखवायचा होता. अर्थमंत्री जॉन कार्लाइलही केंटकीचेच. त्यांच्या खटपटीतून ३ मार्च १८९७ रोजी हा कायदा झाला. त्यानुसार दारू एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली हवी. हंगाम दोनच: जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. सरकारी देखरेखीच्या गोदामात (‘बाँड’ तो हाच) किमान चार वर्षं मुरलेली हवी. बाटलीत ती बरोबर १०० प्रूफ, म्हणजे ५० टक्के हवी. एक अंश कमी नाही, जास्त नाही. आणि पाण्याशिवाय तिच्यात काही मिसळता येत नाही. कोणत्या डिस्टिलरीत गाळली तेही लेबलवर द्यावं लागतं.

मेलो कॉर्न या सगळ्या अटी पाळते, आणि तरी तिची किंमत १५-२० डॉलर राहते. रंग नाही, साखर नाही, चार वर्षांची खात्री आणि पूर्ण ताकद. याच पैशात इतर किती बाटल्यांबद्दल एवढं ठामपणे सांगता येतं, हे दुकानात उभं राहून पाहा.

चार वर्षं म्हणजे काहीच नाही. स्कॉच तर बारा वर्षांची असते.

केंटकीचा उन्हाळा आणि स्कॉटलंडचा उन्हाळा एका मापानं मोजू नका. उन्हाळ्यात केंटकीच्या गोदामात, विशेषतः वरच्या मजल्यांवर, सपाटून उकडतं आणि दारू लाकडात खोलवर शिरते. थंडीत परत बाहेर येते. शिवाय इथे पिंप जुनं आहे, म्हणून लाकूड मक्यावर स्वार होत नाही. चार वर्षांनंतरही पुढे धान्यच दिसतं. ते दिसावं यासाठीच तर ही व्हिस्की आहे.

मक्याची दारू म्हणजे हातभट्टीच की?

हा प्रश्न बहुतेक घरातल्या मोठ्यांकडून येतो, आणि त्यामागची भीती खरी आहे. आपल्याकडे हातभट्टी म्हणजे काळा गूळ आणि नवसागर. तिच्यात मिथेनॉलची भेसळ झाली की माणसं दगावतात, डोळे जातात. परवानाधारक डिस्टिलरीत तपासून गाळलेल्या, चार वर्षं मुरलेल्या व्हिस्कीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

अमेरिकेच्या डोंगराळ भागातली चोरटी दारू मक्याची असे, त्यामुळे तिथेही कॉर्न व्हिस्की म्हटलं की लोकांना काचेच्या बरणीतली पांढरी दारू आठवते. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब सोपा होता. मक्याची पोती कच्च्या रस्त्यानं बाजाराला नेण्यापेक्षा त्याच मक्याची व्हिस्की नेणं परवडायचं.

घरी गाळण्याच्या फंदात मात्र पडू नका. भारतात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे तो गुन्हा आहे.

कोणत्या ग्लासात घ्यायची आणि किती?

तोंडाशी निमुळता होणारा कोणताही काचेचा ग्लास चालेल. ग्लेनकेर्न, म्हणजे व्हिस्की चाखण्यासाठीचा खास ग्लास, असेल तर उत्तम, नसेल तर छोटा वाइनग्लास. स्टीलचा पेला नको. रंग दिसत नाही आणि वासही नीट गोळा होत नाही. चाखण्यासाठी १५ ते २० मिली पुरे.

वेळ नीट निवडा. शेजारच्या खोलीत फोडणी पडत असेल, उदबत्ती लागलेली असेल किंवा नुकतंच पान खाल्लं असेल तर त्या दिवशी मार्क देऊ नका. मी सकाळी अकराच्या सुमारास, नाश्ता होऊन दोन तास झाल्यावर चाखतो. तेव्हा नाक सर्वांत ताजं असतं. रात्री जेवणानंतर घेतलेला घोट आनंदाचा असतो, पारखण्याचा नाही.

वास घ्यायला गेलो की नाकात झणका बसतो. काय चुकतंय?

ग्लास फार जवळ जातोय. ५० टक्के ताकद आहे, आपल्याकडच्या नेहमीच्या ४२.८ टक्क्यांपेक्षा चांगलीच जास्त. ओतल्यावर पाच-सात मिनिटं तशीच राहू द्या. मग ग्लास हनुवटीजवळ धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्या. हळूहळू वर आणा. ग्लास वाइनसारखा गरगर फिरवू नका, त्यानं अल्कोहोलच आधी वर येतं. झणका बसलाच तर आपल्याच मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा ठिकाणावर येतं.

नेमके कुठले वास येतात?

इंग्रजीतल्या वर्णनांत ग्रॅहम क्रॅकर आणि बटरस्कॉच असतं. ज्यानं ते लहानपणी खाल्लेलं नाही त्याला त्याचा उपयोग नाही. आपल्या घरातले वास शोधा.

पहिल्यांदा येतो मका. भाजलेलं कणीस मात्र नव्हे. कोळशावरच्या कणसाचा धूर या व्हिस्कीत कुठेच नाही, कारण ना धान्य धुरावर वाळवलंय, ना पिंप नवं जाळलेलं आहे. हा वास उकडलेल्या कणसाचा आहे, कुकरचं झाकण उघडल्यावर येतो तसा. त्याच्यामागे कोरडं मक्याचं पीठ, आणि थोड्या वेळानं लोणी लावलेल्या लाह्या. मग पिकलेलं केळं, थोडं व्हॅनिला, सुक्या खोबऱ्याचा एक बारीक धागा. खोबरं ओकच्या लाकडातून येतं; जुन्या पिंपातही ते थोडं उरलेलं असतं.

माझे एक काका चाळीसगावकडे मका घेतात. त्यांना काही न सांगता ग्लास दिला होता. त्यांनी बराच वेळ नाकाशी धरला आणि म्हणाले, “मळणी झाल्यावर कणगीत हात घातला की असा वास येतो.” ते स्वतः कधी पीत नाहीत, तेव्हाही प्यायले नाहीत. पण या बाटलीबद्दल मी आजवर ऐकलेलं सर्वांत अचूक वाक्य त्यांचंच आहे. वाळलेलं धान्य, थोडी धूळ, थोडा गोडवा. तेव्हापासून मी प्रत्येक कॉर्न व्हिस्कीत ती कणगी शोधतो.

मक्याचा स्वभाव कुठला आणि कच्चेपणा कुठला, हे कसं ओळखायचं?

सगळ्या पारखण्याचा गाभा हा आहे. बहुतेक जण इथेच चुकतात आणि चांगल्या बाटलीला नापास करतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मका शिजवल्याशिवाय त्यातला स्टार्च मोकळा होत नाही. म्हणून तो आधी उकळीच्या जवळपास शिजवतात, मग थंड करत राय आणि शेवटी माल्ट घालतात. माल्टमधली विकरं स्टार्चची साखर करतात, यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. गाळताना सुरुवातीला येणारा भाग, मधला भाग आणि शेवटचा भाग यांचे वास वेगळे असतात. मधला भाग चांगला. अलीकडचं किंवा पलीकडचं जास्त आलं, तर दोष राहतो.

अलीकडचा दोष नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा किंवा ताज्या रंगाच्या डब्यासारखा वास देतो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा तीव्र वासही याच बाजूचा. पलीकडचा दोष म्हणजे ओला पुठ्ठा, घामट मोजे, जुनं तेल. गंधकाचा दोष म्हणजे उकडलेला कोबी. यात एक गंमत आहे. उकडलेल्या कणसाच्या गोड वासामागेही गंधकाचंच एक संयुग असतं, डायमिथिल सल्फाइड. थोडं असलं की कणीस वाटतं, जास्त झालं की कोबी. भट्टीतलं तांबं गंधकाची संयुगं बरीचशी धरून ठेवतं, म्हणून चांगल्या भट्टीची दारू कणसाशी थांबते, कोबीपर्यंत जात नाही.

मक्याचा स्वभाव कसा असतो? जिभेवर किंचित तेलकट, गुळगुळीत. गोड, पण साखरेसारखा नव्हे; पोळीचा घास बराच वेळ चावल्यावर लागतो तसा गोडवा. आणि थोडा पिठूळपणा. हे तिन्ही दोष नाहीत.

सोपी परीक्षा अशी. ग्लास वीस मिनिटं उघडा ठेवा. नेलपॉलिश उडून गेलं आणि खालून मका वर आला, तर ती फक्त अस्वस्थ होती, कच्ची नव्हती. वीस मिनिटांनंतरही नेलपॉलिशच पुढे असेल, किंवा पुठ्ठा आणखी जाड होत गेला, तर बाटलीत खोट आहे. मेलो कॉर्नमध्ये पहिल्या मिनिटाला मला नेलपॉलिशची एक रेघ हमखास लागते. दहाव्या मिनिटाला ती नसते.

आणखी एक: रिकाम्या ग्लासचा वास दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. चांगल्या कॉर्न व्हिस्कीचा ग्लास मक्याच्या पिठासारखा आणि थोडा मधासारखा दरवळतो. वाईट व्हिस्कीचा ग्लास ओल्या फडक्यासारखा.

बर्बनशेजारी ठेवली की ही फिकी पडते. मग चांगली कशी?

शेजारी जरूर ठेवा, पण योग्य बर्बन ठेवा. हेवन हिलचीच इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाँडवाली बाटली घ्या. तीही ५० टक्के, तीही बाँडची, किमान चार वर्षांची. हेवन हिलच्या बर्बनमध्ये मका ७८ टक्के, राय १०, बार्ली १२. मेलो कॉर्नमध्ये ८०, ८ आणि १२. धान्यात फरक आहे दोन टक्क्यांचा. म्हणजे दोन्ही ग्लासांत जो फरक लागतो तो जवळजवळ सगळा पिंपाचा आहे.

हा प्रयोग केला तेव्हा बर्बनबद्दलची माझी समजच बदलली. कॅरमेल, दालचिनी, चामडं, गडद रंग यांना मी इतकी वर्षं व्हिस्कीची चव म्हणत होतो. ती लाकडाची चव होती. लाकूड बाजूला केल्यावर धान्य काय बोलतं ते मेलो कॉर्नमध्ये ऐकू येतं. तिला बर्बनच्या पट्टीनं मोजलं की ती नापास होणारच. सुती धोतराला पैठणीच्या जरीचे मार्क कोण देतं? तिला विचारायचे प्रश्न वेगळे. मका स्पष्ट आहे का? स्वच्छ आहे का? लाकडानं कडा गोल केल्यात का? पूर्ण ताकद असूनही घशाला ओरखडा न काढता उतरते का?

जमलं तर तिसरा ग्लास हेवन हिलच्याच जॉर्जिया मूनचा ठेवा. बरणीत मिळणारी, तीस दिवसांहून कमी वयाची, पांढरी. जॉर्जिया मून, मेलो कॉर्न, इव्हान विल्यम्स असे ओळीनं चाखले की लाकूड न लागलेला मका, थोडं लाकूड आणि भरपूर लाकूड असा चढता क्रम जिभेला कळतो. एवढ्या थोड्या पैशात याहून चांगला धडा मला माहीत नाही.

पाणी घालायचं का? किती?

आधी नीट, म्हणजे काही न घालता दोन छोटे घोट घ्या. मग घाला, आणि मोजून घाला.

३० मिली व्हिस्की ५० टक्क्यांची, म्हणजे त्यात १५ मिली अल्कोहोल. ती ४५ टक्क्यांवर आणायला साधारण सव्वातीन मिली पाणी, ४० वर आणायला साडेसात मिली, म्हणजे दीड चहाचा चमचा. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्की ४० वरच बाटलीत भरलेल्या येतात. इथे ते पाणी तुमच्या हातात आहे. ५० च्या बाटलीची किंमत ४० च्या बाटलीशी तुलना करताना हा हिशेब लक्षात ठेवा. ७५० मिलीच्या बाटलीत इथे ३७५ मिली अल्कोहोल आहे, तिथे ३००.

पाणी साधं, क्लोरीनचा वास नसलेलं, खोलीच्या तापमानाचं. मला ही ४५ च्या आसपास सर्वांत आवडते. तिथे केळं आणि व्हॅनिला वर येतात आणि तेलकटपणाही टिकतो. ४० वर ती थोडी पातळ लागते आणि शेवट लवकर आटोपतो. तुम्हाला वेगळं वाटेल, म्हणून प्रत्येक टप्प्यावर एक ओळ लिहून ठेवा. पाणी घातल्यावर कोलमडणारी स्वस्त व्हिस्की अनेकदा पाहिली आहे. तिचा सगळा जोर अल्कोहोलचाच असतो. पाण्यानं उमलली तर आत काहीतरी आहे.

बर्फ? सोडा? कोक?

पारखून झाल्यावर खुशाल. बर्फानं वास बसतो, म्हणून पारखताना नको. सोड्याबरोबर ही फार छान लागते. लिंबाची साल पिळून पाहा. कोकमध्ये घातली तर मका सापडणार नाही.

चकणा काय?

पारखताना फक्त साध्या, बिनमिठाच्या लाह्या किंवा पोळीचा कोरडा तुकडा, आणि पाणी. मिरची लागली की जीभ तासभर खरं बोलत नाही.

नुसतं प्यायला बसलात तर खारे शेंगदाणे हिच्या तेलकटपणाला जुळतात. मक्याचा चिवडा ही जोडी नावावरून चांगली वाटते, पण त्यातली साखर-मिरची व्हिस्कीवर मात करते. मला सर्वांत आवडलेली जोडी साध्या उकडलेल्या कणसाची आहे, वर नुसतं मीठ आणि लोणी. मसाला आणि लिंबू नको.

मार्क कसे द्यायचे?

माझी पद्धत अशी: नाकाला २५, जिभेला ३५, गिळल्यानंतर राहणाऱ्या चवीला २०, पाणी घातल्यानंतरच्या वागण्याला २०. किंमत मार्कांत धरत नाही. आधी मार्क, मग किमतीवरचा कागद काढायचा. किंमत आधी कळली की स्वस्ताला दया मिळते आणि महागाला मान, दोन्ही नकोत.

मेलो कॉर्नला माझे मार्क: नाक १८, जीभ २८, मागची चव १३, पाण्यानंतर १७. एकूण ७६. मागची चव हाच तिचा कमजोर भाग. गोडवा पटकन ओसरतो आणि थोडी कोरडी मिरी उरते. याहून तिप्पट किमतीच्या, माझ्याकडून ७० सुद्धा न मिळालेल्या बाटल्या माझ्या कपाटात आहेत.

आंधळी परीक्षा घरी करता येईल?

करता येईल, करावीच. दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगा. तीन सारखे कप. दोघांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कप कोणता ते ओळखायचं. रंगावरून कळू नये म्हणून चिनी मातीचे अपारदर्शक कप घ्या. प्रत्येकात पाच मिलीच. नुसत्या नशिबानंही तीनदा एकदा बरोबर येतं, त्यामुळे एका फेरीवरून काही ठरवू नका. एका दिवशी दोनच फेऱ्या करा, तीन-चार दिवस करा, आणि हवं तर चाखून थुंका. चाखणाऱ्यांच्या जगात थुंकणं हा अपमान नाही, शिस्त आहे.

एकदा घेतली, अजिबात आवडली नाही. फेकून देऊ?

नका. महिन्याभरानं पुन्हा उघडा. बाटलीत हवा गेली की पहिला तीव्रपणा थोडा बसतो. माझा अनुभव आहे की या बाटलीचा दुसरा महिना पहिल्यापेक्षा गोड असतो. आणि पहिल्यांदा प्यायलात तेव्हा बहुधा बर्बनची अपेक्षा घेऊन बसला होतात. दुसऱ्यांदाही नाही आवडली तर नाही आवडली. मित्राला द्या.

पेग किती घ्यावा?

६० मिलीचा नेहमीचा पेग ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा असेल तर त्यात सुमारे २६ मिली अल्कोहोल असतं. याच व्हिस्कीचा असेल तर ३०. म्हणून मी ४५ मिली ओततो आणि एकावर थांबतो. गाडी चालवायची असेल तर काहीच नाही. भारतात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती एका पेगनंही ओलांडली जाऊ शकते. गरोदरपणात, यकृताचा त्रास असताना किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना चाखण्याचा मोहही नको.

भारतात नेता येईल?

परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. २४ ते ७० टक्क्यांमधलं मद्य विमानाच्या चेक-इन सामानात, सीलबंद बाटल्यांत, पाच लिटरपर्यंत चालतं, त्यामुळे ५० टक्क्यांची अडचण नाही. बाटलीला जाड कपड्यांत गुंडाळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षं आहे, गोव्यात २१. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परमिटही लागतं. ज्यांच्यासाठी नेताय त्यांच्याकडे ते आहे का, आधी विचारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतानं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं ते बर्बनसाठी. कॉर्न व्हिस्की कायद्यानं बर्बन नसल्यानं त्या बातमीवर विसंबून हिची वाट पाहू नका.

बाटली किती दिवस टिकते?

सीलबंद असेल तर वर्षानुवर्षं. उभीच ठेवा, आडवी ठेवली तर ५० टक्क्यांचं अल्कोहोल कॉर्कचं बूच असल्यास ते खातं. ऊन लागू देऊ नका, खिडकीतली शोभेची जागा तिच्यासाठी वाईट. उघडल्यावर अर्ध्याच्या वर भरलेली असेल तर वर्षभर काळजी नाही. तळाशी १०० मिली उरली की मात्र आतली हवा जास्त होते आणि मका हळूहळू बोथट होतो. तेव्हा ती स्वच्छ धुऊन वाळवलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा आणि वर तारीख लिहा. पुढची नवी बाटली उघडाल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून चाखा.